‘ताप’ नावाचा रकाना

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एखाद्या खेड्यात माणूस गेला, की त्याची सरकारी नोंद करायचं काम पोलीस पाटलाकडे असायचं. गावोगावच्या या नोंदींची बेरीज मुंबई इलाख्याच्या वार्षिक आरोग्य अहवालात छापली जायची. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, इजा आणि शेवटी ‘इतर सर्व कारणं’. पाटील काही डॉक्टर नव्हता. घरच्यांनी सांगितलं ते तो लिहायचा. मरण्याआधी अंग तापलं होतं का? बहुतेकदा तापलेलं असायचंच. मग नोंद ‘तापा’त.

या यादीत कॅन्सर कुठेच नाही. स्तनातली गाठ फुटून जखम झालेली बाई, तोंडातल्या फोडामुळे घास गिळता न येणारा म्हातारा, अंगावरून जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली आई, ही सगळी माणसं ‘तापा’त नाहीतर ‘इतर’मध्ये गेली.

युद्धात किती मेले हे मोजताना आपण गोळ्या आणि बॉम्ब मोजतो. पण कॅन्सरसारखा आजार वर्षानुवर्षं मुकाट वाढतो. तो वेळेत सापडायला कुणीतरी बघणारं लागतं, कुणीतरी लिहून ठेवणारं लागतं. युद्ध आधी या बघणाऱ्यांना उचलून नेतं. नगर जिल्ह्यावर एकही तोफगोळा न पडता हे कसं घडलं, आणि पुढे त्याच भागातल्या लोकांनी ‘बघण्याची’ ही कला कशी कमावली, त्याची ही गोष्ट आहे.

छावणीच्या आत, छावणीच्या बाहेर

आजचा अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर, आणि बोलताना कायमच ‘नगर’. हे लष्कराचं गाव. आज इथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. इंग्रजांच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी इथे आणले होते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर भारतात राहणारे जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक पकडून इथेच ठेवले गेले. व्यापारी, मिशनरी, बोटीवरचे खलाशी असे सगळे त्यात होते. पूर्व आफ्रिकेतूनही कैदी आले.

१९१७ साली आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे प्रतिनिधी भारत आणि ब्रह्मदेशातल्या अशा छावण्या तपासायला आले. नगरलाही आले. कैद्यांना जेवायला काय मिळतं, पाणी कसं आहे, दवाखान्यात किती जण आहेत, आजार कोणते आहेत, हे सगळं पाहून त्यांनी अहवाल छापला. शत्रूच्या कैद्याची तब्येत कशी आहे हे जिनिव्हात बसून वाचता येत होतं. छावणीच्या तारेबाहेर पारनेर, श्रीगोंदा, शेवगावच्या माणसांना काय होतंय, हे तपासायला कुणी आलेलं नव्हतं. यात रेड क्रॉसची चूक नाही. कैद्यांची काळजी घ्यायचं बंधन करारांनी घातलेलं होतं. रयतेसाठी असा करार नव्हता.

दरम्यान दख्खनची तरणी पोरं युद्धावर गेली होती. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत त्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला ती फौज शरण गेली. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडलीसुद्धा. मेसोपोटेमियात जखमी आणि आजारी शिपायांचे इतके हाल झाले की ब्रिटनमध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. वैद्यकीय व्यवस्थेचा कसा बोजवारा उडाला, हे त्याच्या १९१७च्या अहवालात सविस्तर आलं.

त्या मोहिमांसाठी डॉक्टर कुठून आणणार? आपल्या जिल्ह्यांतून. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात लष्करी सेवा होती. जिल्ह्याजिल्ह्यांत सिव्हिल सर्जन म्हणून काम करणारे तिचे अधिकारी मुलकी खात्याला एका अर्थाने उसने दिलेले असायचे. युद्ध लागल्यावर उसनवारी परत मागितली गेली. शिकलेला डॉक्टर आधीच दुर्मीळ, त्यातला मोठा वाटा आघाडीवर गेला.

मानमोडी

१९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा आला. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी तेव्हा सतत येत-जात होत्या. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या वाटेने साथ इलाखाभर पसरली. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं नगर काही आडवाटेचं गाव नव्हतं. आपल्या लोकांनी या आजाराला नाव दिलं: मानमोडी.

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. देशात सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी पाऊस झाला. नगर जिल्हा तर पर्जन्यछायेतला, एरवीही आभाळाकडे डोळे लावून बसणारा. युद्धामुळे धान्य महाग झालेलं, मालगाड्या लष्कराच्या कामात अडकलेल्या. उपाशी शरीर आणि मानमोडी एकत्र आले.

मुंबई इलाख्यात त्या काही महिन्यांत दहा लाखांच्या वर माणसं मेली असा अंदाज आहे. साऱ्या देशाचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. युद्धात प्रत्यक्ष लढताना मेलेल्या हिंदी सैनिकांपेक्षा हा आकडा कितीतरी पट मोठा आहे. सर्वांत जास्त मेले ते वीस ते चाळीस वयाचे, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. पुढच्या वर्षी जन्मांची संख्याही कोसळली. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. नगर जिल्ह्याची तर सुमारे पाचव्या भागाने घटली. ते सगळेच मेले असं नाही. दुष्काळाने कित्येकांना मुंबईच्या गिरण्यांकडे आणि इतरत्र जगायला जावं लागलं होतं.

आणि नोंदवह्यांचं काय झालं? मानमोडीचे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात गेले. काही ठिकाणी नोंद ठेवणारेच आजारी पडले किंवा मेले आणि पानं कोरी राहिली. म्हणून तर अंदाजांमध्ये पन्नास लाखांचा फरक आहे. जिथे लाखोंची साथच नीट मोजता आली नाही, तिथे एका बाईच्या स्तनातली गाठ कोण मोजणार होतं?

स्क्रीन हिरवी दिसते तेव्हा

त्या काळी वैद्यकीय जगात एक समज पक्का होता: हिंदुस्थानात कॅन्सर फारसा नाही. तो सुधारलेल्या, मांसाहारी, श्रीमंत देशांचा रोग आहे. आकडे दाखवले की समज खरा वाटायचा, कारण आकड्यांत कॅन्सर नव्हताच.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणाच बंद पडली, तर डॅशबोर्डवर एकही एरर येत नाही. स्क्रीन हिरवीगार. सगळं छान चाललंय असं वाटतं आणि ग्राहक मात्र फोन करून ओरडत असतात. इथे तर ओरडायला फोनही नव्हता.

दुसरं कारण अधिक कडू आहे. कॅन्सर व्हायला माणूस आधी तेवढा जगावा लागतो. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे वीस वर्षं होतं. बालमृत्यूंमुळे सरासरी खाली ओढली जाते हे खरं, पण चाळिशी-पन्नाशी गाठणारे लोकही कमीच होते. युद्ध, दुष्काळ आणि साथ यांनी जी पंचविशीतली बाई नेली, तिला पंचेचाळिशीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला असता की नाही हा प्रश्नच उरला नाही.

१९३०च्या दशकात विश्व नाथ आणि खेमसिंह ग्रेवाल या संशोधकांनी देशातल्या रुग्णालयांची आकडेवारी तपासून दाखवलं की कॅन्सर इथे दुर्मीळ नाही. माणसं लवकर मरतात आणि तपासणी होत नाही, म्हणून तो दिसत नाही. ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतला हा फरक कळायला इतकी वर्षं लागली.

ज्यांची यादी होती, ज्यांची नव्हती

युद्धाचे परिणाम शरीरात किती वर्षं राहतात, हे आज आपल्याला थोडंफार माहीत आहे. पण ते कळलं ते ज्यांच्या याद्या होत्या त्यांच्यामुळे.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या बाळांच्या जन्मनोंदी ॲमस्टरडॅमच्या रुग्णालयात नीट जपलेल्या होत्या. पन्नास वर्षांनी संशोधकांनी त्या बाळांना, म्हणजे आता पन्नाशीला आलेल्या माणसांना शोधून काढलं. हृदयविकार आणि मधुमेहाकडे झुकणाऱ्या तक्रारी त्यांच्यात अधिक दिसल्या. पोटात असताना सोसलेली उपासमार शरीर विसरलेलं नव्हतं.

हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्यांची यादी १९५० साली तयार झाली. तिथे राहणारे, पण स्फोटाच्या वेळी गावात नसलेले लोक धरून सुमारे १ लाख २० हजार माणसांचा पाठपुरावा दशकानुदशकं चालू राहिला. रक्ताचा कॅन्सर काही वर्षांतच वाढला, इतर अवयवांचे कॅन्सर कितीतरी वर्षांनी. किरणोत्सर्गाने कॅन्सरचा धोका किती वाढतो याचं जगाचं ज्ञान मोठ्या प्रमाणात या यादीवर उभं आहे.

आता आपल्याकडे बघा. १९३०च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या केल्या. हा वायू माणसाला कॅन्सर करू शकतो हे आज सिद्ध झालेलं आहे. शेकडो शिपाई त्यात वापरले गेले. चाचण्या संपल्यावर त्यांच्या तब्येतीचं पुढे काय झालं, हे कुणी बघितलं नाही. आणि १९१८ साली नगर जिल्ह्यात उपाशी, तापाने फणफणलेल्या आईच्या पोटात जी बाळं होती, ती पन्नाशीला आली तेव्हा १९६८-६९ साल उजाडलं होतं. त्यांच्या शरीराने काय लक्षात ठेवलं होतं? डच बाळांबद्दल आपण हे वाचू शकतो, आपल्या पणज्यांबद्दल नाही.

युद्धाच्या ऐन मध्यावर

चक्र उलटं फिरायला सुरुवात झाली तीही एका महायुद्धात. लेडी मेहेरबाई टाटा यांचं १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने निधन झालं. पुढच्या वर्षी दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या ट्रस्टने मुंबईत परळला उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं. युरोप जळत होता, आणि इथे ८० खाटांचं कॅन्सर रुग्णालय सुरू होत होतं. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे पॅथॉलॉजी सांभाळायला आले. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कॅन्सर जास्त आहे, आणि त्याचा खाण्यापिण्याच्या, तंबाखूच्या, राहणीच्या सवयींशी काय संबंध आहे, याचा माग त्यांनी घेतला. मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर ‘हिंदुस्थानात कॅन्सर नाही’ हे म्हणणं टिकेना.

१९४३च्या ऑक्टोबरमध्ये, युद्ध चालू असतानाच, सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला भोर समिती नेमली. १९४६च्या तिच्या अहवालात होतं: ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर. तेही बहुतेक शहरात. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहर दिसू लागलं. खेडं अजून अंधारात होतं.

जामखेड आणि बार्शी

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले. त्यांनी दवाखाना काढला, पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणारा माणूस बहुधा उशिराच येतो. मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिने आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन घरोघर बघायचं अशी पद्धत बसली. या बायकांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं मूल वाळतंय, कुणाचा खोकला जात नाही, हे त्यांना माहीत असायचं. बहात्तरचा दुष्काळ याच काळात पडला. हीच माणसं तेव्हाही गावात होती, त्यामुळे बघणं थांबलं नाही. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचं उदाहरण जगभरच्या आरोग्य धोरणांत पोचलं.

जामखेड-खर्ड्याच्या पलीकडे धाराशिव जिल्हा लागतो आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. अडचण जुनीच होती. खेड्यातला कॅन्सर दवाखान्यात पोचतच नाही, मग नोंद कशाची करणार? म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव गेली. अंगावरून अवेळी जातंय का, गाठ लागतेय का, तोंडातली जखम भरत नाही का, हे समजावून सांगायची आणि शंका आली तर बार्शीला घेऊन यायची. काही वर्षांतच बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. मोजायला गेलेल्यांमुळे उपचारही लवकर सुरू झाले.

याच पायावर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी वेगवेगळ्या तपासण्यांची तुलना करायची होती. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. साधारण तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणीविना राहिलेल्या गटाबद्दल नंतर नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. कारण त्या ६४ मध्ये वाचू शकणाऱ्या बायका होत्या, हे आता आपल्याला माहीत आहे.

तोडायला काही असेल तर

बघणं थांबलं की काय होतं, ते आपण स्वतः २०२०मध्ये पाहिलं. ते युद्ध नव्हतं, पण रस्ते बंद होते, डॉक्टर दुसरीकडे वळवलेले होते, आणि माणसं घरात होती. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचा अभ्यास सांगतो की मार्च ते मे २०१९मध्ये तिथे १,१२,२७० नवे रुग्ण आले होते. २०२०च्या त्याच तीन महिन्यांत आले ५१,७६०. निम्म्याहून कमी. देशातला कॅन्सर त्या उन्हाळ्यात निम्म्यावर आला नव्हता. उरलेल्या साठ हजारांच्या गाठी घरीच वाढत होत्या.

गाझात कॅन्सरवर उपचार करणारं एकमेव विशेष रुग्णालय नोव्हेंबर २०२३च्या सुरुवातीला इंधनाअभावी बंद पडलं. पुढे मार्च २०२५मध्ये ती इमारतच उद्ध्वस्त झाली. तिथे आज ज्या बाईच्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ आहे, ती या युद्धातल्या मृतांच्या कोणत्या यादीत येणार? बहुधा ‘इतर’.

पण २०२०मध्ये आणि गाझात निदान तुटायला काहीतरी होतं, म्हणून तुटलेलं दिसलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. स्तनांच्या तपासणीला ‘हो’ म्हणणाऱ्या ०.९ टक्के. ही शांततेच्या काळातली स्थिती होती. ज्या अभ्यासाने अशी तपासणी मृत्यू निम्मे करते हे जगाला दाखवलं, तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाला, आणि तरीही त्या पाहणीपर्यंत शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बायकांकडे कुणी बघितलेलं नव्हतं.

बघणारी साखळी मात्र पूर्ण तुटलेली नाही. जामखेडच्या त्या बायकांचं काम आज आशाताई करतात. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे एक फॉर्म असतो, सीबॅक म्हणतात त्याला. तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळीव्यतिरिक्त अंगावरून जाणं, असे प्रश्न त्यात असतात. मानमोडीच्या काळात पाटलाच्या वहीत ज्याला जागा नव्हती, ते विचारणारा कागद आता दारापर्यंत येतो. बऱ्याच घरांत त्याला उत्तर मिळतं, “आमच्याकडे सगळं ठीक आहे.” आई आत स्वयंपाकघरात असते, आणि उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं असतं. पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या, की आईला बाहेर बोलवा आणि तिचं उत्तर तिलाच देऊ द्या.